खाडीतली १४० मुळं: गेममध्ये बारकावा किती परवडतो?

मे २०२३ मधली दुपार. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात एका कॉलेजच्या पोराने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि आमच्या हार्ड डिस्कवरून आम्ही बनवत असलेला ६१ जीबीचा गेम उतरवायला घेतला. चहा झाला, वडापाव झाला, परत चहा झाला, तेव्हा कुठे कॉपी संपली. तो खेळायला बसला आणि मिनिटभरात लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ ऐकू येईना. पडद्यावरची होडी पुढे सरकत नव्हती, उड्या मारत होती. कोपऱ्यातला आकडा ११ वर अडकला होता, म्हणजे सेकंदाला अकरा चित्रं, अकरा फ्रेम. पोरगा सभ्य होता. "दिसतंय मात्र भारी हां," म्हणाला आणि माउस माझ्याकडे सरकवला.

हाच गेम आमच्या आर्टिस्टच्या मशीनवर साठ फ्रेमने पळत होता. एवढं अंतर कुठून आलं, ते भरून काढताना काय फेकावं लागलं आणि काय फेकायला मन झालं नाही, त्याची ही हकीकत. मी त्या टीममध्ये प्रोग्रामर होते. फ्रेम रेट ही माझी जबाबदारी होती, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते.

म्हातारी, होडी आणि खाजण

गेम साधा होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी ओहोटीला होडी घेऊन निघते आणि भरती येण्याआधी वाहून गेलेलं जाळं शोधते. बंदूक नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. खाडीचा ६०० मीटर लांब, ४०० मीटर रुंद तुकडा, एवढंच त्यातलं जग. आमच्या आर्टिस्टला सगळे दादा म्हणतात. तो पहिल्याच बैठकीत म्हणाला होता, "मारामारी नाही ना, मग बघायला तरी काहीतरी पाहिजे." त्याचं काही चुकलं नव्हतं.

बघायला खाडीत भरपूर आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पण ऐरोलीच्या पुलावरून जाताना आपल्याला दिसतो तो नुसता हिरवा पट्टा. ओहोटीला होडीतून जवळ गेलं की कळतं, खरी गंमत खाली आहे. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं श्वास घ्यायला उलटी, आकाशाकडे वाढतात. बोटाएवढी, पेन्सिलीएवढी, एकमेकांना खेटून. दादाला ती मुळंच हवी होती. एकेक, जशीच्या तशी.

जेट्टीच्या कडेला एक मीटर बाय एक मीटर दोरीची चौकट टाकून आम्ही मोजली. १४० भरली. मग दादाने त्यातली बारा निवडली आणि प्रत्येकाचे सगळ्या बाजूंनी ऐंशी-नव्वद फोटो काढले. अशा फोटोंवरून सॉफ्टवेअर वस्तूचा त्रिमितीय आकार बांधतं. सांगायला सोपं, पण ओला चिखल चमकतो, आणि ती चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते, त्यामुळे सॉफ्टवेअर गोंधळतं. ऊन असलं तर सावली मुळाच्या रंगातच छापली जाते. मग गेममध्ये सूर्य दुसरीकडे गेला तरी ती सावली हटत नाही. म्हणजे ढगाळ सकाळ, ओहोटी आणि पडलेला वारा, तिन्ही एकाच वेळी पाहिजेत. हे जुळेपर्यंत फेब्रुवारी-मार्च गेले. होडीवाले काका रोज नेत आणि रोज हसत. एकदा म्हणाले, "नुस्तं फोटू काय काढतंस रं, चिखलान पाय टाक, मंग समजंल." दादाने टाकला. पाय निघाला, चप्पल राहिली.

अमर्याद बारकाव्याचं स्वप्न

दादाच्या डोक्यात हे वेड कधी शिरलं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही डोक्यात ते त्याच सुमाराला शिरलं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये युक्लिडियन या ऑस्ट्रेलियन कंपनीचा एक व्हिडिओ आला. गेममधली प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोण जोडून बनते. ते त्रिकोण विसरा, असं त्यांचं म्हणणं. जग ठिपक्यांचं बनवा, एका घन मिलिमीटरमध्ये ६४ ठिपके, आणि हवा तितका बारकावा घ्या, वेग कमी होणार नाही. व्हिडिओत खरोखर मातीचा कण न् कण दिसत होता. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. सायबर कॅफेत बसून तो पाच-सहा वेळा पाहिला असेल.

त्यावर जोरात तुटून पडला तो मार्कस पर्सन, म्हणजे माइनक्राफ्टचा कर्ता. सगळं जग मीटरभर ठोकळ्यांचं बनवणाऱ्या माणसाने मातीच्या कणांचा हिशेब मागावा, यात एक मजा होतीच. त्याने साधा गुणाकार केला. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि आठ मीटर जाड बेट धरा, प्रत्येक ठिपक्याला फक्त एक बाइट द्या, तर होतात ५१२ पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी). म्हणून व्हिडिओत तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा लावलेले दिसतात, असं त्याचं म्हणणं.

हा हिशेब थोडा कडक होता. दगडाच्या पोटातले ठिपके कोणी साठवत नाही. वरचा पापुद्रा पुरतो. म्हणून मी आमच्या खाडीचा हिशेब फक्त पापुद्र्याचा केला. मिलिमीटरला चार ठिपके, म्हणजे चौरस मिलिमीटरला १६, चौरस मीटरला १ कोटी ६० लाख. आमच्या जगातला निम्मा भाग पाणी सोडला तर चिखल १,२०,००० चौरस मीटर. गुणाकार १.९२ लाख कोटी ठिपके. एकेक बाइट धरला तरी जवळजवळ दोन टेराबाइट, आणि यात अजून एकही मूळ उगवलेलं नाही, झाड नाही, पाखरू नाही. नुसता सपाट चिखल.

ती कंपनी पुढे लेझरने स्कॅन केलेले भूभाग दाखवण्याच्या कामाकडे वळली, आणि मला वाटतं तिच्या तंत्राला तेच शोभत होतं. मोजणीसाठी स्कॅन केलेलं गाव जागचं हलत नाही. त्याला वारा लागत नाही, त्यात भरती येत नाही, त्यावर कोणी वल्हं आपटत नाही. गेममध्ये या तिन्ही गोष्टी होतात. पण हे शहाणपण मला आता आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत नव्हतं.

कारण तोवर स्वप्न दुसऱ्या वाटेने परत आलं होतं. मे २०२० मध्ये अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची झलक आली. एका दालनात जवळजवळ पाचशे पुतळे, प्रत्येक पुतळा ३ कोटी ३० लाख त्रिकोणांचा, आणि हे सगळं प्लेस्टेशन ५ वर प्रत्यक्ष चालणारं. त्यामागच्या नॅनाइट या तंत्राची युक्ती अशी, की मॉडेल १२८ त्रिकोणांच्या छोट्या गठ्ठ्यांत तोडायचं, त्या गठ्ठ्यांच्या जाडसर होत जाणाऱ्या आवृत्त्या आधीच बनवून ठेवायच्या, आणि प्रत्येक फ्रेमला ज्या आवृत्तीतली चूक एका पिक्सेलपेक्षा लहान असेल तीच काढायची. एका फ्रेममागे अब्जाहून जास्त त्रिकोण असायचे, पण पडद्यावर दोन कोटींच्या आसपासच काढले जायचे. लांबची वस्तू कमी त्रिकोणांत काढावी ही कल्पना जेम्स क्लार्कने १९७६ मध्येच मांडली होती. इथे नवं हे की ती निवड एका वस्तूच्या आतही, गठ्ठ्यागणिक होते, आणि माणसाला हाताने आवृत्त्या करत बसावं लागत नाही.

हे थोतांड नाही. मी ते वापरलंय आणि चांगल्या कामाला वापरलंय. आमच्या जेट्टीचे दगड त्यात इतके सुरेख आले की मी एक संध्याकाळ नुसती कॅमेरा दगडाला चिकटवून बसले होते. दादाने साफ केलेलं एकेक मूळ २०,००० त्रिकोणांचं होतं. तेही त्याने त्यातच टाकलं. इंजिन म्हणतंय ना बारकावा फुकट, मग टाका.

फुकट नव्हतं

आधी साठवणीचं बघू. चौरस मीटरला १४० प्रमाणे १,२०,००० चौरस मीटरला १ कोटी ६८ लाख मुळं होतात. प्रत्येक मूळ वेगळं स्कॅन करून ठेवायचं म्हटलं तर ३३,६०० कोटी त्रिकोण. नॅनाइटमध्ये एका त्रिकोणाला सरासरी १४.४ बाइट लागतात, म्हणजे पावणेपाच टेराबाइटच्या वर. अर्थातच आम्ही तसं केलं नव्हतं. बाराच मुळं होती, तीच फिरवून, उंच-बुटकी करून सगळीकडे लावलेली. पर्सनने युक्लिडियनला जे सुनावलं होतं तेच आम्ही करत होतो, आणि ते करण्यात काहीच गैर नाही. सगळे गेम तेच करतात.

पण तेच मूळ दुसरीकडे लावलं तरी कुठे लावलं, किती वळवलं, केवढं केलं, याची नोंद लागते. प्रत्येक मुळाच्या नोंदीला ६४ बाइट धरा. १ कोटी ६८ लाख गुणिले ६४, म्हणजे एक जीबीहून जास्त. मुळांच्या फक्त पत्त्यांना! त्या पोराच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं, चार जीबी स्मृतीचं. दादाच्या मशीनमध्ये आरटीएक्स ३०८०, दहा जीबीचं. दादाच्या मशीनवर जे पोटात मावत होतं ते लॅपटॉपच्या घशात अडकलं.

उरलेले तीन जीबी कुठे गेले ते शोधायला मला दोन दिवस लागले, आणि सापडलं तेव्हा मी दादाला फोन न करता आधी खाली जाऊन चहा घेतला. प्रत्येक मुळाला ८के टेक्स्चर, म्हणजे आकारावर चढवायचं चित्र, होतं. ८के म्हणजे ८१९२ गुणिले ८१९२, सहा कोटी एकाहत्तर लाख पिक्सेल. दाबून बसवल्यावर पिक्सेलला एक बाइट धरला, लांबून बघायच्या लहान प्रती त्यात मिळवल्या, की एका टेक्स्चरचे ८९ एमबी. रंग, खडबडीतपणा, उंचसखलपणा अशी प्रत्येकी तीन, म्हणजे एका वस्तूला २६८ एमबी. अशा पंधरा वस्तू झाल्या की चार जीबीचं कार्ड भरलं. आमच्याकडे नुसती मुळंच बारा होती.

आता हे मूळ पडद्यावर केवढं दिसतं? पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार पिक्सेल. आमच्या कॅमेऱ्याचा आडवा कोन ९० अंश. या मापाने एक सेंटिमीटर जाडीचं, बारा सेंटिमीटर उंचीचं मूळ एक मीटरवरून जेमतेम दहा पिक्सेल रुंद आणि ११५ पिक्सेल उंच दिसतं. अकराशे पिक्सेलांच्या चित्रासाठी आम्ही सहा कोटी एकाहत्तर लाख पिक्सेलांचा कपडा शिवला होता. तीन मीटरवर तेच मूळ तीन पिक्सेल रुंद. वीस मीटरवर अर्धा पिक्सेल.

या अर्ध्या पिक्सेलपाशी मला थोडं थांबायचंय. तिथे बारकावा नुसता वाया जात नाही, तो त्रास द्यायला लागतो. मूळ अर्धा पिक्सेल रुंद असेल तर एका फ्रेमला तो पिक्सेल मुळाचा रंग घेतो, पुढच्या फ्रेमला चिखलाचा. होडी हलतेय, म्हणजे हा खेळ सतत चालू. समोरचा काठ मुंग्या फिरल्यासारखा वळवळत होता. तो शांत करायला आधीच्या फ्रेममधले रंग मिसळायची सोय असते, ती चालू केली की काठ शांत होतो पण पुसट होतो. आणि वरून उडत गेलेल्या फ्लेमिंगोच्या मागे गुलाबी ओघळ राहतो. तीन महिने राबून गोळा केलेला बारकावा आम्ही इंजिनाकडून मेहनतीने पुसून घेत होतो.

तरी नॅनाइट हे लांबचे त्रिकोण कमी करणार होतं ना? करतं, पण ते सलग पृष्ठभागाला. पुतळ्याचा गाल कमी त्रिकोणांत काढता येतो, कारण तो एकच गाल आहे. हजार सुटी मुळं एकत्र करून त्यांचं एक मूळ करता येत नाही. प्रत्येक मूळ आपापल्या परीने रोडावतं, पण संख्या तेवढीच राहते. झाडांच्या पानांचंही तेच. सुट्या, विरळ गोष्टींचा थवा या तंत्राला जड जातो हे ते बनवणाऱ्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलेलं आहे. वाचलं नव्हतं ते आम्ही. शिवाय वारा. आम्ही ५.१ आवृत्तीवर होतो, तिच्यात नॅनाइटच्या वस्तू वाऱ्यावर डोलवायची सोय नुकतीच आली होती. दादाने आनंदाने सगळी तिवरं डोलवली. स्थिर वस्तूची सावली एकदा काढून जपून ठेवता येते. डोललेल्या पानाची सावली प्रत्येक फ्रेमला नव्याने काढावी लागते. लॅपटॉपवर एका फ्रेमला ९० मिलिसेकंद लागत होते, त्यातले ३४ एकट्या सावल्यांचे. साठ फ्रेम हवे असतील तर सगळ्याला मिळून १६.६ मिलिसेकंद असतात.

सिनेमावाल्यांचं बरं असतं, एक फ्रेम काढायला त्यांचं मशीन रात्रभर बसलं तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

वल्हं

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न मशीनचा आहे. दहा वर्षं थांबा, सगळ्यांकडे ३०८० च्या तोडीचे लॅपटॉप येतील. मलाही तसंच वाटत होतं. मत बदललं ते दादाच्या मशीनवर, साठ फ्रेमने चाललेल्या खेळात.

त्या आठवड्यात आम्ही आणखी सहा-सात जणांना बसवलं. टपरीवरचे दोघे, कोपरीहून येणारी एक काकू जी आमचे हिशेब बघते, तिची मुलगी. मी मागे उभी राहून कोण कुठे बघतंय ते टिपत होते. मुळांबद्दल आपण होऊन एकच जण बोलला. निवटी मात्र सगळ्यांना दिसली. होडी जवळ आली की चिखलावरून टणाटण उड्या मारत पळणारी ही मासळी आमच्या इंटर्नने दोन दिवसांत केली होती, जेमतेम दोनशे त्रिकोणांची.

मुळांबद्दल जी बोलली ती काकूची मुलगी, आठवीतली. तिने होडी काठाला लावली, वल्हं मुळांत घातलं आणि वल्हं आरपार गेलं. ती म्हणाली, "ई, ही खोटी आहेत." मग ती दहा मिनिटं तेच करत बसली, वल्हं घाल, काढ, घाल.

मला हे फार लागलं. आमच्या जुन्या नमुन्यात मुळांच्या जागी नुसत्या तपकिरी काड्या होत्या. त्यांतूनही वल्हं आरपारच जायचं, आणि कोणी एक अक्षर काढलं नव्हतं. काडी बघून डोकं समजून घेतं की हे मुळासारखं काहीतरी आहे. सालीवरची भेग, चिकटलेला शिंपला, वाळलेल्या चिखलाची कड दिसली की डोकं म्हणतं, हे मूळ आहे, आणि मग ते वाकायला हवं, खटकन मोडायला हवं, वल्ह्याला अडायला हवं. दिसण्यात जेवढी भर घातली तेवढी उधारी वागण्यात चढली. आणि वागणं स्कॅन करता येत नाही. एकेका मुळाला आदळआपटीचा हिशेब लावायचा तर तो वेगळ्या, साध्या आकारांवर लावावा लागतो, तो दर फ्रेमला मोजावा लागतो, आणि १ कोटी ६८ लाखांसाठी तो दादाच्या मशीनवरही होत नाही, माझ्या मते कुठल्याच मशीनवर लवकर होणार नाही.

ताईचा प्रश्न

स्टुडिओ ताईचा. तिने भाडं भरलेलं, तिने आमचे पगार काढलेले. डेमोला आठ आठवडे होते. बैठकीत मी आकडे मांडले, दादा हाताची घडी घालून बसला होता. तो म्हणाला, "ऑप्टिमाइझ कर ना. तुझं कामच ते आहे." मी म्हणाले की ९० मिलिसेकंदांचे ६० करता येतील, १६ नाही. इंटर्न म्हणाला, सगळं कागद कापून केल्यासारखं सपाट करू, कुठेही चालेल. दादाने त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा पुढचा अर्धा तास गप्प होता.

ताईने विचारलं, "हे ज्याच्या मशीनवर चालतंय, तो माणूस म्हातारीचा गेम विकत घेणार का?"

कोणी बोललं नाही. आमच्यासारखे शांत गेम खेळणारे लोक म्हणजे कॉलेजातली मुलं, नोकरी लागल्यावर घेतलेल्या लॅपटॉपवर रात्री अर्धा तास खेळणारी माणसं. चार जीबीचं कार्ड हा त्यांच्यात चांगला लॅपटॉप झाला.

मग तिने दादाला विचारलं, "तुला नक्की कुठली मुळं दिसायला हवीत?" यावर दादा बराच वेळ विचार करून म्हणाला, "होडीच्या कडेची. आणि पहिल्या शॉटमधली." मला वाटतं प्रकरण तिथेच सुटलं. आम्ही सगळे किती बारकावा यावर भांडत होतो, कुठे ते कोणी विचारलंच नव्हतं.

काय ठेवलं, काय गेलं

होडीभोवती चार मीटरचं वर्तुळ. त्यात पन्नास चौरस मीटर, म्हणजे सात हजार मुळं; पण निम्मी पाठीमागे आणि उरलेल्यातली निम्मी जागा पाण्याची, त्यामुळे एका वेळी पावणेदोन हजार दिसतात. प्रत्येक मूळ ३०० त्रिकोणांचं केलं. मूळ स्कॅन फेकलं नाही. त्याच्यावरच्या भेगा आणि शिंपले नॉर्मल मॅपमध्ये उतरवले, म्हणजे आकार साधा राहतो पण प्रकाश खऱ्यासारखा पडतो. ही युक्ती वीसहून जास्त वर्षं जुनी आहे आणि अजून तिच्याइतकं स्वस्त काही सापडलेलं नाही. टेक्स्चर ८के वरून ५१२ वर आणलं. दादाला न सांगता आधी एका मुळाचं बदलून त्याला दाखवलं, त्याला ओळखता आलं नाही. हे त्याने अजून मान्य केलेलं नाही.

या वर्तुळातल्या सगळ्यात जवळच्या दोनशे मुळांना साधे दंडगोल लावले. वल्हं लागलं की ती वाकतात, आणि जोरात लागलं तर मोडतात. आवाज आम्ही सुक्या काड्या आणि गाजर मोडून केला.

चार ते पंचवीस मीटरच्या पट्ट्यात सुटी मुळं नाहीतच. एका चौरस मीटरचा एक गठ्ठा, ४०० त्रिकोणांचा, एकच वस्तू. अशा सहा गठ्ठ्यांची आलटापालट. पंचवीस मीटरच्या पुढे एकही मूळ नाही, फक्त चिखलाच्या रंगात ठिपकेदार काळपटपणा. मुंग्या गेल्या. खरं सांगायचं तर आधीपेक्षा लांबचा काठ आता जास्त खरा वाटतो, कारण डोळ्यालाही तिथे मुळं सुटी दिसत नाहीत. झाडं चाळीस मीटरच्या पुढे चपटी चित्रं झाली, आणि वाऱ्याच्या सावल्या फक्त जवळच्या झाडांना ठेवल्या.

पहिल्या शॉटसाठी दादाला तीन चौरस मीटर मोकळे सोडले. तिथे कॅमेरा आमच्या हातात असतो, खेळणाऱ्याच्या नाही. म्हातारी होडी ढकलते, ओहोटीचं पाणी मुळांमधून सरतं, चौदा सेकंद. त्यात ४२० मुळं आहेत, वीस हजारांचीच, पूर्ण टेक्स्चरसकट. शॉट संपला की ती स्मृतीतून हाकलली जातात. लॅपटॉपवर तिथे ३० फ्रेम मिळतात आणि कोणाला कळतही नाही, कारण त्या वेळात कोणाचा हात माउसवर नसतो.

जेट्टीचे दगड आणि होडीची फळकुटं नॅनाइटमध्येच राहिली. घट्ट, सलग, जागची न हलणारी गोष्ट असली की त्याला तोड नाही.

सहा आठवडे लागले. त्याच पोराच्या लॅपटॉपवर ११ चे ५२ झाले, ६१ जीबीचे ७. फोनवरही करून पाहिलं, पाच मिनिटांत फोन हातात धरवेना, तो विचार सोडून दिला. इंटर्न फावल्या वेळात कागदी सपाट आवृत्ती करतोय. ती बरी दिसतेय, पण तो वेगळा गेम होईल.

गेलं ते एक सांगायलाच हवं. ऐरोलीच्या बाजूने बघितलं की सूर्य मुलुंडच्या मागे, येऊरच्या डोंगराकडे उतरतो. ओहोटी आणि संध्याकाळ जुळली तर पसरलेल्या चिखलावर प्रत्येक मुळाची वीतभर सावली पडते, लाखो सावल्या, सगळ्या आपल्याकडे तोंड केलेल्या. दादाच्या जुन्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या जुन्या आवृत्तीत, ते होतं. आता पंचवीस मीटरच्या पुढे मुळंच नाहीत तर सावल्या कुठून येणार? आम्ही त्या रंगात ओढल्या, पण त्या सूर्याबरोबर फिरत नाहीत. मी कितीही आकडे मांडले तरी ते दृश्य गेलं हे खरं आहे, आणि जुना बिल्ड दादाने डिलीट केलेला नाही. त्याच्या मशीनवर संध्याकाळी कधी कधी तो चालू असतो.

जुलैत डेमो जाण्याआधी होडीवाल्या काकांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी माउस धरायला नकार दिला, मी खेळले, ते बघत राहिले. मुळांकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. वल्ह्याने मूळ मोडलं तेव्हा "हां" म्हणाले. मग भरती सुरू झाली आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पानी चढला का निवटी बिलान जातंय. तुमची त पान्यावर नाचतंय."

बिळं आमच्या गेममध्ये नव्हतीच. एवढा चिखल स्कॅन केला, त्यात कितीतरी भोकं होती, दादाने साफ करताना ती बुजवून टाकली होती. इंटर्नने दीड दिवसात केली, एका बिळाला आठ त्रिकोण. दादाने ती बघितली आणि म्हणाला की कडेचा चिखल बरोबर नाही, एकदा जाऊन फोटो काढायला हवेत. ओहोटी सकाळी सहाची होती. पाऊस होता, तरी गेलो.